तांडेल आणि कच्चा टाका

कारखाना शाळेच्या गणवेशांचा. खाली मशिनांची खोली, आणि तिथे इतका खडखडाट की शेजारणीला काही सांगायचं तर आधी तिच्या खांद्यावर थाप मारावी लागायची. लोखंडी जिना चढून वर गेलं की हातशिलाईची खोली. तिथे मशीन नव्हतं. काजं करायची, बटणं लावायची, स्कर्टांना तुरपाई घालायची, लोंबणारे दोरे कापायचे. बायका सतरंजीवर बसायच्या, पाठ भिंतीला, मांडीवर कपडा. हात गुंतलेले आणि कान मोकळे. मोकळ्या कानांना काम दिलं नाही तर बायका एकमेकींच्या सासवांवर येतात, आणि मग भांडणं होतात. म्हणून कधीतरी, कोणीतरी, एक पद्धत पाडून ठेवली होती: जेवणानंतर तासभर एकीने मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी शिवायचं, आणि वाचणारीच्या वाट्याचा गठ्ठा सगळ्यांनी मिळून उरकायचा.

वाचणारी म्हणजे अक्का. समोर सगळ्या अक्का म्हणत, पाठीमागे ‘पुढेकळेलबाई’. कारण कोणी मध्येच विचारलं, "अक्का, याचा अर्थ काय हो?" की चष्मा वर न करता तिचं एकच उत्तर, "पुढे कळेल." आणि ती पुढे वाचायला लागायची.

हे काही तिने टाळण्यासाठी शोधलेलं नव्हतं. ती वाचायला शिकलीच तशी. तिच्या वडिलांचं रद्दीचं दुकान होतं. चौथीनंतर तिची शाळा सुटली आणि ती दुकानात गठ्ठे बांधायला बसली. तिथे जे वाचायला मिळे त्याला ना शेंडा ना बुडखा. कुठे पानाचा कोपरा उंदराने खाल्लेला, कुठे तेलाच्या डागाखाली अर्धी ओळ गेलेली, कुठे गोष्ट अशा जागी तुटलेली की नवरा दारात उभा आणि दार उघडणारी कोण ते दुसऱ्या गठ्ठ्यात. फाटलेल्या जागी काय असेल हे आजूबाजूच्या शब्दांवरून ताडायची तिला सवयच लागली. मग न फाटलेला पण न कळणारा शब्द आला तर तिला त्याचं काय मोठं वाटणार? तोही एक भोकच. कडा नीट बघितल्या की आत काय बसेल ते समजतं.

नवराही तिने असाच वाचला. तो गॅरेजमध्ये गाड्यांच्या खाली आडवा पडून काम करायचा आणि घरी आल्यावरही आडवाच पडायचा. बोलणं म्हणजे ‘हं’ आणि ‘बरं’. लग्नानंतरचं पहिलं वर्ष ती रडकुंडीला आली होती. मग तिने कडा बघायला सुरुवात केली. आल्या आल्या पाणी मागितलं तर मालकाशी वाजलंय. हात दोनदा धुतले तर खूश आहे. ताट स्वतः उचलून नेलं तर काहीतरी चुकलंय आणि माफी मागायची आहे. सून घरात आली तेव्हा अक्काने तिला हे सगळं एका संध्याकाळी शिकवून टाकलं. सून म्हणाली, "अहो आई, बाबांनाच विचारलं तर?" अक्का म्हणाली, "विचार की. ‘हं’ म्हणतील."

खोलीतली सगळ्यात तिखट बाई म्हणजे काजवाली. काजं अशी करायची की उलटसुलट बघितलं तरी फरक कळू नये, आणि बोलायची अशी की समोरचीला फरक लगेच कळावा. तिच्या शेजारी बटणवाली मावशी, अंगाने ऐसपैस आणि हसायला लागली की तिच्या मांडीवरची बटणांची ताटली उडायची. या दोघींमुळे वाचन नुसतं वाचन राहत नसे, त्याची पंचायत होई.

मी सांगते आहे त्या वर्षी जहाजाची कादंबरी चालू होती. वाचनालयाने जुनी पुस्तकं काढून टाकली, त्यातलं हे. वरचा पुठ्ठा आणि नावाचं पान गेलेलं, म्हणून नाव कोणालाच माहीत नव्हतं. शिडाचं जहाज, वादळं, बेटं, आणि पानोपानी असे शब्द की या खोलीत कोणी कधी ऐकले नव्हते. समुद्र बघितलेली बाईच तिथे नव्हती.

"‘खलाशी सरसर डोलकाठीवर चढला,’" अक्का वाचायची.

"डोलकाठी म्हणजे?" काजवाली.

"पुढे कळेल."

"चढला म्हणजे झाड असेल," बटणवाली मावशी म्हणायची.

"जहाजात झाड? मग विहीरही असेल. धुणं कुठे धुतात ते पण विचारून घ्या."

दोन पानं गेली आणि वादळात डोलकाठी कडाडून मोडली, तिच्यावरचं शीड पाण्यात लोळायला लागलं. तेव्हा खोलीतून एकदम आवाज उठला, "हात्तिच्या! शीड जिला टांगतात ती!" आणि ती कोणी आधी ओळखली यावरून काजवालीची आणि मावशीची पुन्हा जुंपली.

अक्काचं सांगणं असं, की न कळणाऱ्या शब्दाला अर्थ द्यायचा तो कच्च्या टाक्याने द्यायचा. कपडा शिवण्याआधी लांब लांब सैल टाके घालून तो नुसता जागेवर धरून ठेवतात ना, तसा. पुढे माप जुळलं तर पक्की शिलाई मारायची, नाही जुळलं तर एक दोरा ओढला की मोकळं. न टाचता बसून राहिलात तर कापड घसरतं, आणि आधीच पक्कं शिवलंत तर उसवताना फाटतं. एवढंच तिचं शास्त्र. माझ्या मते पुष्कळ शिकलेल्यांना पुरेल इतकं आहे, पण ते जाऊ दे.

आता तांडेल.

हा शब्द आला तो असा: ‘तांडेल शिडाच्या ढिगात मांडी घालून बसला होता. दाताने दोरा तोडून त्याने मान वर केली.’

अक्का पुढचं वाक्य वाचेपर्यंत खोली थांबली नाही. "शिंपी!" मावशी ओरडली, आणि बटणं उडाली.

"जहाजावर शिंपी असतो?"

"शीड फाटलं तर काय तुझा दीर जाणार शिवायला?"

झालं. जहाजावर आपला माणूस निघाला. इतके दिवस कप्तान, खलाशी, चाचे, सगळे परके. आता एक जण मांडी घालून टाके घालणारा. खोलीचा जीव त्याच्यात गुंतला. त्यानंतर पुस्तकात जे जे येई ते ते त्याच्या अंगावर बरोबर बसे. ‘तांडेलाच्या शब्दाबाहेर कोणी जात नसे.’ बरोबरच आहे, इथे तरी कटिंग मास्तरांच्या शब्दाबाहेर कोण जातं? ‘तांडेलाने खडकापर्यंतचं अंतर नजरेनेच मापलं.’ बघा, माप! टेपसुद्धा लागली नाही. ‘तांडेल खलाशांवर खेकसला.’ घाईचं काम असेल, ऑर्डर द्यायची असेल. कटिंग मास्तर खरंच जिन्यातून डोकावून म्हणून गेले, "काय चाललंय त्या तुमच्या तांडेलाचं?" आणि आपल्या धंद्याचा माणूस म्हणून मनातून खूशही झाले.

अक्काला एकदा खटकलं होतं. वादळाच्या प्रकरणात कप्तान तापाने पडलेला आणि तांडेल सगळ्या जहाजाला हुकूम सोडत होता. कोणी शिडं उतरवायची, कोणी पाणी उपसायचं. वाचताना तिची जीभ क्षणभर अडली. शिंप्याला हे कोण विचारतं? पण सगळ्या खोलीने सुया हातातच धरल्या होत्या, मावशी डोळे पुसत होती. अक्का पुढे गेली. कच्च्या टाक्याची ही बाई, पण तांडेलाला मात्र तिने केव्हाच पक्का शिवून टाकला होता.

त्याच सुमारास नवी सुपरवायझर आली. वय तिशीच्या आतबाहेर, कॉलेजात भाषा घेऊन पदवी घेतलेली, खांद्याला मोठी पर्स. सगळ्या तिला मॅडम म्हणायच्या, आणि ती सगळ्यांना अहोजाहो करायची. स्वभावाने चांगली. पहिल्याच दुपारी ती जिना चढून आली आणि दारातच थबकली. कारखान्यात कोणी कादंबरी वाचतंय आणि बाकीच्या तिच्याशी भांडताहेत, हे तिने कुठे बघितलं असणार? तिचे डोळे चमकले. तिला यात यावंसं वाटलं. आणि ज्याला जे येतं तेच घेऊन तो येतो.

"तांडेल म्हणजे शिंपी नव्हे बरं का," ती हसून म्हणाली. "खलाशांचा मुख्य. जहाजावर कामं वाटून देतो तो."

कात्रीचा आवाज तेवढा झाला.

"शिडंही शिवत असेल हो," मॅडम घाईने म्हणाली. आणि दुसऱ्या दिवशी तिने घरून एक जाडजूड शब्दकोश आणला. कॉलेजात बक्षीस मिळालेला, आत तिचं नाव. अक्काच्या हातात देऊन म्हणाली, "तुम्हाला उपयोगी पडेल. माझ्याकडे नुसता पडून असतो."

अक्काने तो दोन्ही हातांनी घेतला. त्या दुपारी अडलेला प्रत्येक शब्द तिने त्यात बघितला. चष्मा वर, चष्मा खाली, पान उलट, पान सुलट. जहाज खडकावर आपटायला आलेलं आणि अक्का ‘स’ शोधत बसलेली. एका बाईला डुलकी लागून सुई बोटात गेली. मावशीने जांभई दिली ती पार कानापर्यंत.

त्याच्या दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर अक्काने पुस्तक काढलं नाही. कोपऱ्यात जाऊन आपला गठ्ठा उचलला, आपल्या मांडीवर घेतला, आणि तुरपाई घालायला लागली.

"अक्का, वाचायचं नाही?"

"डोळे दुखतात."

डोळे काही दुखत नव्हते. तिच्या डोक्यात एकच घोळत होतं: एवढी वर्षं आपण या बायकांना वाचून दाखवलं; त्यात असे किती तांडेल झाले असतील? कोणाकोणाला आपण शिंपी करून टाकलं असेल? आपल्याला वाचता येतं असं आपण समजत होतो. रद्दीच्या दुकानात उंदराने खाल्लेल्या जागा मनाने भरत गेलो, त्याला वाचन म्हणतात होय? बाईचा धीरच खचला. आणि एकदा धीर खचला की समोर उघडं पान असलं तरी तोंडातून शब्द निघत नाही, मग तो कळणारा का असेना.

खोलीची रया गेली. काम काही वाढलं नाही. उलट काजवालीची जीभ सुटली आणि पहिल्याच आठवड्यात तिने एकीच्या माहेरचा उद्धार केला. मॅडमला वाटलं, आपण वाचावं. आधीची गोष्ट ठाऊक नव्हती म्हणून ती पहिल्या पानापासून वाचायला बसली. आवाज गोड, उच्चार स्वच्छ, कुठे अडायचं नाव नाही, आणि अवघड शब्द आला की लगेच त्याचा अर्थ.

"कळलं ना?"

"कळलं," बायका म्हणाल्या.

"मग काही विचारायचंय?"

"नाही, मॅडम. सगळं कळलं."

इतकं सगळं कळत गेलं की कोणाला बोलायला जागाच उरली नाही. मॅडमने पुस्तक मिटलं. पहिल्या दिवशी ज्या कल्लोळासाठी ती दारात थबकली होती तो कुठे गेला, हे शोधायला तिला शब्दकोशाची गरज पडली नाही. पोरगी मठ्ठ नव्हती.

घरी अक्का गप्पच होती. एरवी रोज संध्याकाळी स्वयंपाक करता करता ती नवऱ्याला जहाज कुठवर आलं ते सांगायची आणि तो पाठ करून ‘हं’ म्हणायचा. तो ऐकतो की नाही हे तिने कधी तपासलं नव्हतं. त्या दिवशी त्याने जेवण झाल्यावर ताट स्वतः उचललं, मोरीत ठेवलं, आणि तिथेच उभा राहिला.

"काय चुकलं तुमचं?" तिने विचारलं.

"माझं काही नाही," तो म्हणाला. मग नळाकडे बघत, "तांडेलाचं काय झालं?"

लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसाने आपणहून ‘पुढे काय’ असं कधी विचारलं नव्हतं. अक्का पाटावरून उठायची थांबली.

"तो शिंपी नव्हताच. मुख्य होता खलाशांचा. मीच चुकीचं सांगत होते तुम्हाला."

"नसेना शिंपी. जगला का पण?"

अक्काला ते माहीतच नव्हतं. वादळाच्या पुढचं पान तिने उलटलं नव्हतं, आणि मॅडमचं वाचन तिथवर पोचलंच नव्हतं. सुनेने आतून हळूच म्हटलं, "आई, बाबांनी हातसुद्धा दोनदा धुतलेत." "गप बस," अक्का म्हणाली. पण त्या रात्री तिला झोप लागली ती चांगली लागली.

दुसऱ्या दिवशी जेवणं उरकली आणि अक्का आपल्या गठ्ठ्यापाशी गेली तर गठ्ठा जागेवर नाही. मॅडम सतरंजीवर बसलेली, पाय कसे दुमडायचे ते न कळल्यासारखी, आणि अक्काचा गठ्ठा तिच्या मांडीवर.

"तुम्ही वाचा," मॅडम म्हणाली. "हे मी करते."

"तुरपाई येते तुम्हाला?"

"नाही."

"मग?"

"पुढे येईल."

मावशीची बटणं उडालीच. काजवालीने तोंडाला पदर लावला, पण खांदे हलत होते. अक्का हसली नाही. तिने पुस्तक घेतलं, चष्मा लावला आणि आधी सगळ्यांकडे बघितलं.

"एक सांगते. तांडेल शिंपी नाही. मॅडम म्हणाल्या ते बरोबर आहे. वादळाच्या वेळीच मला खटकलं होतं, तेव्हाच दोरा ओढायला हवा होता. ओढला नाही. आता उसवा."

सगळ्यांना तो माणूस सोडवत नव्हता.

मग काजवाली म्हणाली, "मुख्य असेल. मुख्य नसावा असं कोण म्हणतंय? पण शिडाच्या ढिगात बसून टाके घालत होता की नाही?"

"होता," अक्का म्हणाली. "ते छापलेलंच आहे."

"दाताने दोरा तोडला की नाही?"

"तोडला."

"मग झालं तर. मुख्य असून शिवतो, म्हणजे तर आणखीनच आपला." आणि तिने सुई दोऱ्यासकट मॅडमच्या दिशेने केली. "मुख्य आणि शिवतो. बघा, जहाजावर नाही, इथेच बसलाय. दोरा मात्र लांब घेतलाय, तांडेलबाई. गुंता होईल."

मॅडमच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. पुढे तिचं लग्न झालं, आडनाव बदललं, पण वरच्या खोलीत ती तांडेलच राहिली.

अक्काने वादळापासून पुन्हा वाचायला घेतलं. या वेळी ‘तांडेलाने हुकूम सोडला’ हे वाक्य तिने नीट, सावकाश वाचलं, आणि तिला जाणवलं की माणूस आता जास्त मोठा दिसतोय. कप्तान तापात, पोरं घाबरलेली, आणि हा, ज्याला शिवताही येतं आणि हाकताही येतं. चुकीचा अर्थ उसवला तरी त्या अर्थाने लावलेली माया कुठे गेली नव्हती. तिच्या आवाजात पहिल्यासारखा दम आला. सुया थांबल्या, मग भरभर चालल्या, मग पुन्हा थांबल्या. जहाजाच्या बुडाशी भोक पडलं, पाणी आत यायला लागलं, आणि ‘तांडेल ओरडला, मचवा सोडा!’ इथे तास संपल्याची घंटा झाली.

"मचवा म्हणजे?" चार जणींनी एकदम विचारलं.

अक्काने पुस्तकात दोरा घालून ते मिटलं. "पुढे कळेल."

"अहो, पण बुडतंय जहाज!"

"उद्यापर्यंत नाही बुडत."

मचवा म्हणजे लहान होडी, हे वाचणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांना माहीत असेल. त्या खोलीत कोणाला माहीत नव्हतं, मॅडमलासुद्धा. तिने घातलेली तुरपाई अक्काने हातात घेऊन उजेडात धरली. टाके इतके आवळलेले की स्कर्टाची कड चुण्यांनी गोळा झालेली. अक्काने कात्री घेतली, एक टाका कापला, दोरा ओढला. सगळं एका झटक्यात मोकळं झालं. "सैल घालायचा," ती म्हणाली, "कापडाला दम घेऊ द्यायचा," आणि स्कर्ट परत मॅडमच्याच मांडीवर ठेवला.

संध्याकाळी जिना उतरताना सगळ्या मचव्यावरच होत्या. काजवालीचं म्हणणं, सोडा म्हणाला म्हणजे काहीतरी बांधलेलं आहे, कुत्रा असेल. मावशी म्हणाली, बुडत्या जहाजात कुत्रा सोडून काय करायचंय, दोर असेल. मॅडम दोन पायऱ्या मागून येत होती. शब्दकोश वरच्या कपाटात होता आणि कपाटाची किल्ली तिच्याच पर्समध्ये. तिने पर्सला हात लावला नाही.

"मला वाटतं, नांगर असावा," ती म्हणाली.

जिना थांबला. बायकांनी विचार केला.

"छे," काजवाली म्हणाली. "भोक पडल्यावर नांगर टाकून कसं चालेल? बुडायचीच घाई झाली आहे का? काय अक्का?"

अक्काने मान हलवली. मॅडमचा मचवा बहुमताने फेटाळला गेला, आणि मॅडम हसत हसत खाली उतरली. अक्का मात्र घाईने पुढे गेली. घरी एक माणूस ‘हं’ म्हणायला वाट बघत होता.